छत्तीस फुटांच्या दोघी

शिडाच्या नौकांच्या जाहिराती लांबीपासून सुरू होतात आणि माझ्या मते घोटाळ्याची सुरुवातही तिथूनच होते. "छत्तीस फूट, दोन केबिन, उत्तम स्थिती" असे वाचले की मनात एक ठरावीक आकार उभा राहतो आणि मग माणूस छत्तीस फुटांच्या सगळ्या नौका एका रांगेत मांडून किंमत, वय आणि गाद्यांचा रंग पाहू लागतो. मी आणि माझा मावसभाऊ सध्या अशाच दोन नौकांच्या मागे लागलो आहोत. एक इंग्लंडमधील फालमथला बांधली जाणारी रस्लर ३६, दुसरी फ्रान्समधील जानो कंपनीची सन ओडिसी ३६ आय. दोघींच्या नावात तोच आकडा आहे, दोघीही वापरलेल्या आहेत, दोघी थायलंड-मलेशियाच्या किनाऱ्यावर विक्रीसाठी उभ्या आहेत आणि दोन्ही मालकांनी मागितलेल्या रकमांत फारसे अंतर नाही. साम्य एवढ्यावर संपते. पाण्याखाली पाहिले तर या दोन नौका एकाच कामासाठी बांधलेल्या आहेत असे म्हणायला जीभ धजत नाही.

आधी आम्ही कोण ते सांगायला हवे, कारण बेळगावच्या माणसाने शिडाची नौका घ्यायची म्हटले की ऐकणारा आधी हसतो आणि मग प्रश्न विचारतो. उद्यमबागेत माझा ओतकामाचा छोटा कारखाना आहे. पंपांची आणि ट्रॅक्टरची बिडाची कास्टिंग्ज आम्ही ओततो. मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा, व्यापारी जहाजांवर चीफ इंजिनिअर होता आणि निवृत्तीनंतर गोव्यात मांडवीच्या काठी राहतो. आमचे शहर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवर असले, तरी समुद्राशी आमचा काहीच संबंध नाही असे मात्र नाही. खानापूर तालुक्यातील देगावच्या रानात म्हादेई उगम पावते आणि घाट उतरून तीच मांडवी होते. तिथून जवळच कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा मात्र पाठ फिरवून पूर्वेकडे जाते आणि कृष्णेला मिळते. म्हादेईचेच नाव दिलेली छप्पन्न फुटी नौका गोव्यातील दिवाडी बेटावर बांधली गेली. तीच घेऊन दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये थांबे घेत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी तीच प्रदक्षिणा कुठेही न थांबता पूर्ण केली. दादाच्या डोक्यात हे वेड तेव्हापासूनचे आहे. माझ्या डोक्यात ते त्याने घातले.

आता त्या छत्तीस आकड्याकडे वळतो. नौकेच्या वेगाला तिची एकूण लांबी फारशी कामाची नसते. कामाची असते ती पाण्याला टेकणारी लांबी. रस्लरची नाळ, म्हणजे पुढचे टोक, आणि पिछाडी पाण्यावर लांब झेपावलेली आहे, त्यामुळे पावणेअकरा मीटरच्या या नौकेची पाणरेषा जेमतेम ८.२ मीटर भरते. सन ओडिसीची नाळ जवळजवळ सरळ उभी आणि पिछाडी रुंद, म्हणून तिची पाणरेषा साडेनऊ मीटरच्या वर जाते. वजनदार नौका स्वतःच उठवलेल्या लाटेच्या खाचेत अडकते आणि तिच्या वेगाला मर्यादा पडते. ही मर्यादा पाणरेषेच्या फुटांतील लांबीच्या वर्गमुळाला १.३४ने गुणून नॉटमध्ये, म्हणजे तासाला किती सागरी मैल या मापात, काढतात. त्या हिशेबाने रस्लर सुमारे सात नॉटला थांबते आणि सन ओडिसी साडेसातला. पण रस्लरचे वजन सुमारे ७.६ टन आणि सन ओडिसीचे सुमारे ५.७ टन. म्हणजे आखूड पाणरेषेवर पावणेदोन-दोन टन जास्त ओझे. वजन आणि पाणरेषा यांचे गुणोत्तर काढायची एक रूढ पद्धत आहे; तिने हिशेब केला तर रस्लरचा आकडा ३८५च्या आसपास येतो आणि सन ओडिसीचा १८०च्या. एकीचा आकडा दुसरीच्या दुपटीहून जास्त असताना या दोघींना एकाच मापाच्या नौका म्हणणे मला तरी पटत नाही.

जास्त वजन म्हणजे आळशी नौका, असा निष्कर्ष लगेच काढू नये. दूरच्या प्रवासाला निघताना पाणी, डिझेल, नांगर, साखळ्या, डबे, हत्यारे आणि माणसे मिळून एक टन सहज भरतो. रस्लरच्या दृष्टीने ही तेरा टक्क्यांची वाढ झाली, सन ओडिसीच्या दृष्टीने साडेसतरा टक्क्यांची. हलकी नौका रिकामी असताना जशी धावते तशी भरल्यावर धावत नाही, आणि जाहिरातीतले सगळे आकडे रिकाम्या नौकेचे असतात. शिवाय सपाट बुडाची हलकी नौका उभ्या लाटेवरून उतरताना आपटते. दादाचे गुडघे आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत आणि माझे पोट लाटांना कधीच सरावलेले नव्हते, त्यामुळे हा मुद्दा आम्हा दोघांनाही वेगवेगळ्या कारणांनी जवळचा आहे.

मला मात्र खरा रस आहे तो कीलमध्ये, म्हणजे नौकेच्या पोटाखालच्या त्या जड कण्यामध्ये. वाऱ्याने शीड आडवे ढकलले तरी नौका बाजूला सरकू नये आणि कलंडल्यावर परत उभी राहावी, ही दोन्ही कामे कील करते. रस्लरची कील लांब आहे. ती पुढून उतरत उतरत जवळजवळ मागच्या टोकापर्यंत जाते आणि तिच्याच मागच्या कडेला सुकाणू टांगलेले असते. तिच्या पोटात सुमारे साडेतीन टन शिसे असते, म्हणजे नौकेच्या एकूण वजनाच्या पंचेचाळीस टक्के. सन ओडिसीची कील म्हणजे बुडाच्या मध्यावर बोल्टांनी जोडलेला, माशाच्या परासारखा बिडाचा परा. त्याचे वजन एकूण वजनाच्या एक तृतीयांशाच्या आत आहे. सुकाणू त्यापासून बरेच मागे, पाण्यात एकटे लोंबत असते.

शिसे आणि बीड यांतला फरक नौकेच्या पुस्तकांत एका ओळीत उरकलेला असतो, पण ज्याने दोन्ही धातू वितळलेले पाहिले आहेत त्याला तो एका ओळीत मावत नाही. शिशाची घनता ११.३, बिडाची ७.२च्या आसपास. दोन टन वजन पाहिजे असेल तर शिशाला पावणेदोनशे लिटर जागा पुरते आणि बिडाला पावणेतीनशे लिटरच्या वर लागते. म्हणजे तेवढेच वजन शिशाने अधिक खाली, अधिक आटोपशीर ठेवता येते आणि वजन जितके खाली तितकी नौका परत उभी राहण्याची ओढ जास्त. तळाशी शिसे भरलेली बाहुली कितीही आडवी केली तरी उठून बसते, त्यातले तत्त्व हेच. शिसे ३२७ अंशांना वितळते, गंजत नाही आणि खडकावर आपटले तर स्वतः चेपून धक्का गिळते. बीड ओतायला साडेतेराशे अंशांच्या आसपासचा रस लागतो, खाऱ्या पाण्यात ते गंजते आणि आपटले तर चेपत नाही. आलेला धक्का जसाच्या तसा वर बोल्टांकडे आणि फायबरच्या बुडाकडे पाठवते. बिडाच्या बाजूने बोलायचे तर ते स्वस्त आहे, कडक आहे, पातळ पऱ्याचा आकार धरून ठेवते आणि त्याच्यावर काय बिघडले आहे ते डोळ्यांना दिसते. गंज खरवडून, सँडब्लास्ट करून, इपॉक्सीचे थर दिले की ते वर्षानुवर्षे चालते. अशी कामे आमच्या उद्यमबागेत एखाद्या पोराला दोन दिवसांत शिकवता येतात.

चिंता बिडाची नाहीच. चिंता आहे ती सांध्याची. स्टेनलेस स्टील गंजत नाही ही समजूत अर्धवट खरी आहे. त्याच्या पृष्ठभागावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ पापुद्रा असतो आणि तो टिकायला ऑक्सिजन लागतो. कीलच्या बोल्टांचा मधला भाग बूड आणि बीड यांच्या सांध्यात दडलेला असतो. तिथले सीलंट म्हातारे होऊन पाणी झिरपले की ते पाणी तिथेच साचते, त्यातला ऑक्सिजन संपतो, पापुद्रा जातो आणि बोल्ट मधोमध कुरतडला जाऊ लागतो. वरून नट पाहावा तर चकचकीत, खालून पाहावे तर किंचित तांबूस ओघळ. मे २०१४ मध्ये 'चीकी राफिकी' नावाची चाळीस फुटी नौका अँटिग्वाहून इंग्लंडला परतताना अटलांटिकमध्ये कील गळून पडल्यामुळे उलटली आणि तिच्यावरचे चौघे गेले. ब्रिटनच्या सागरी अपघात चौकशी विभागाने जो अहवाल दिला, त्यात नौका पूर्वी तळाला लागल्याचा आणि त्यानंतर झालेल्या दुरुस्त्यांचा उल्लेख आहे. बुडातली चौकट आणि कीलचा जोड त्यामुळे कमकुवत झाला असावा, असे त्यांचे मत पडले. ही वेगळ्या आराखड्याची नौका होती आणि तिच्यावरून प्रत्येक बोल्टच्या कीलला दोषी धरणे अन्यायाचे आहे. जगात अशा हजारो नौका बिनतक्रार फिरत आहेत. पण आपण घेणार आहोत ती नौका कधी तळाला लागली होती का, हा प्रश्न मालकाला विचारण्याचा पहिला प्रश्न झाला पाहिजे, केबिनच्या पडद्यांचा नव्हे.

दादाचे म्हणणे असे की, रस्लर घेतली तर हा प्रश्नच उद्भवत नाही. शिसे फायबरच्या पोटात बंद, सांधा नाही, बोल्टांची काळजी नाही. ऐकायला हे छान वाटते. पण मी आयुष्यभर कास्टिंगच्या आत काय दडले आहे याच्या काळजीत घालवले आहे आणि जे उघडून पाहता येत नाही त्याच्याविषयी माझे मन सहज निर्धास्त होत नाही. बंद कीलचे फायबर खालून घासले गेले, त्यात पाणी शिरले आणि वरून कोणी मलम लावून रंग फासला, तर विकत घेणाऱ्याला ते कसे कळणार? शिसे गंजून फुगत नाही हे खरे, तरी आत शिरलेले पाणी थर सोडवत राहते. मी हे बोललो तेव्हा दादा फोनवर हसला. "तुला तुझं बीडच दिसतंय बघ. मला समुद्र दिसतोय."

त्याला दिसतो तो समुद्र दक्षिणेचा आहे. नौका घरी आणली की दोन हंगामांनी सेशेल्सला जायचे असे त्याने मनात पक्के केले आहे, आणि लांब कीलच्या नौकांचा इतिहास त्याला तोंडपाठ आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची 'सुहैली' मुंबईत सागवानात बांधलेली. १४ जून १९६८ रोजी ती फालमथहून निघाली आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ला, कुठेही न थांबता एकट्या माणसाला घेऊन पृथ्वीला वळसा घालून त्याच बंदरात परतली. ती 'गोल्डन ग्लोब' नावाची शर्यत होती. त्या शर्यतीची नवी आवृत्ती आता भरते, तिच्यात १९८८च्या आधीच्या आराखड्याच्या, बत्तीस ते छत्तीस फुटांच्या, लांब कीलच्या आणि कीललाच सुकाणू जोडलेल्या नौकाच चालतात. २०१८ची ती शर्यत जाँ-लुक व्हॅन डेन हीड यांनी रस्लर ३६ घेऊन जिंकली. २०२२च्या शर्यतीत अभिलाष टॉमी रस्लर ३६ घेऊनच दुसरे आले. एवढी प्रमाणपत्रे असलेल्या नौकेविरुद्ध बोलायला तोंड कुठे राहते?

तरी मी बोलतो. ऑगस्ट १९७९च्या फास्टनेट शर्यतीत ३०३ नौका निघाल्या, वादळात पंधरा स्पर्धक गेले, चोवीस नौका सोडून द्याव्या लागल्या आणि पाच बुडाल्या. त्यानंतर नौका उलटण्याचा अभ्यास गांभीर्याने झाला आणि त्यातून एक साधे सूत्र रूढ झाले: फुटांतील रुंदीला वजनाच्या घनमुळाशी ताडून पाहायचे, वजन पौंडांत घेऊन त्याला चौसष्टने भागायचे, घनमूळ काढायचे आणि त्याने रुंदीला भागायचे. उत्तर दोनच्या आत आले तर नौका खुल्या समुद्राला योग्य. रस्लर १.७२ला बसते, सन ओडिसी २.०३ला, म्हणजे रेघेच्या अगदी काठावर, किंचित बाहेर. दादाने हा आकडा निकाल म्हणून माझ्यापुढे ठेवला. पण सूत्रात रुंदी आणि वजन या दोनच गोष्टी आहेत. वजन कुठे आहे हे त्यात कुठेच नाही. साडेतीन टन शिसे कीलमध्ये ठेवा की डोलकाठीच्या टोकाला बांधा, उत्तर तेच येणार. एवढ्यावर नौका पास-नापास करणे म्हणजे कास्टिंगचे वजन पाहून ते चांगले आहे असे ठरवण्यासारखे झाले, आणि तसे करणारा गिऱ्हाईक मला आजवर भेटलेला नाही. रुंद नौका सुरुवातीला कमी कलते हे खरे, पण तो ताठपणा तिला रुंदीने दिलेला असतो, वजनाने नव्हे. त्यामुळे ती एकदा पूर्ण उलटली की उलट्या स्थितीतही तितकीच ताठ राहू पाहते. हे समजले म्हणजे सूत्राचा उपयोग संपतो आणि स्थिरतेचा, म्हणजे किती कललेली नौका परत उभी राहते हे दाखवणारा, पूर्ण आलेख मागवायचे काम सुरू होते.

आता आमच्या पाण्याकडे येतो, कारण नौका नव्वद टक्के वेळ गोवा, वेंगुर्ला, मालवण आणि कारवार एवढ्यातच फिरणार आहे. नोव्हेंबर ते मे या काळात इथे दुपारी वायव्येचा खारा वारा धरतो आणि पहाटेच्या सुमाराला जमिनीकडून मतलई वारा सुटतो. आग्वादहून मालवण पस्तीसेक सागरी मैल. दुपारचा वारा अगदी तोंडावर आला तर नागमोडी जावे लागते. पऱ्याच्या कीलची नौका वाऱ्याशी पंचेचाळीस अंशांचा कोन साधू शकली, तर या पस्तीस मैलांचे पन्नास मैल होतात. लांब कीलची नौका बाजूला सरकण्यासकट पंचावन्न अंशांवर गेली, तर एकसष्ट होतात. अकरा मैल म्हणजे दोन तासांहून जास्त, आणि तेही संध्याकाळ जवळ आलेली असताना. नौका घरी आणतानाही हेच पुन्हा समोर येणार. फुकेतहून डिसेंबर-जानेवारीत निघाले की ईशान्य मोसमी वारा बंगालच्या उपसागरात पाठीशी असतो. रामसेतूच्या उथळ पट्ट्यातून जाता येत नाही म्हणून श्रीलंकेला खालून वळसा घालायचा, तोवर सगळे ठीक. पण कोचीनंतर गोव्यापर्यंतचे साडेतीनशे मैल नाकावर वारा घेऊन चढायचे आहेत. दादा म्हणतो, पहाटेच्या मतलईवर किनारा धरून चढू आणि दुपारी नांगर टाकून झोपू. खलाशाचा हा जुना शहाणपणा मला मान्य आहे. तेवढी रजा मात्र माझ्या कारखान्याला मान्य नाही.

खोलीच्या बाबतीत मी आधी बराच उत्साहात होतो. रस्लरला १.६८ मीटर पाणी लागते. आम्ही पाहतो आहोत ती सन ओडिसी उथळ कीलची आहे आणि तिला दीड मीटर पुरते. कोकणातल्या नद्यांच्या मुखाशी वाळूचे दांडे असतात आणि ते दर पावसाळ्यात जागा बदलतात, त्यामुळे कमी खोलीची नौका हवी, हे खरेच. पण फरक अठरा सेंटिमीटरचा आहे. भरतीचा अर्धा तास वाट पाहिली की तो भरून निघतो. उलट उथळ कीलमुळे सन ओडिसीचा वाऱ्यावर चढण्याचा जो फायदा मी वर मोजला त्यातला थोडा भाग कमी होतो. म्हणजे या मुद्द्यावर कोणीच फार मिळवत नाही.

जाळ्यांचा मुद्दा मात्र असा सोडून देता येत नाही आणि तो युरोपातल्या तुलनांत मला पुरेसा सापडत नाही. आमच्या किनाऱ्यावर रात्री जाळी पसरलेली असतात, अनेकांच्या बोयांवर दिवा नसतो, असला तरी लाटेत दिसत नाही, आणि ज्याचे जाळे आहे त्याचे पोट त्याच्यावर असते. लांब कीलच्या नौकेचा तळ पुढून मागे एका उताराने जातो, सुकाणू कीलच्या आडोशाला आणि पंखा त्या दोघांच्या मधल्या खाचेत. दोर बहुतेक वेळा खालून घसरून मागे निघून जातो. पऱ्याची कील आणि एकटे लोंबते सुकाणू यांच्यामध्ये मोठी मोकळी जागा असते आणि दोर तिथेच अडकतो. मग अंधारात सुरी घेऊन पाण्यात उतरणे आले, आणि सकाळी तांडेलाला नुकसानभरपाई देणे आले. नौका जाळ्यात अडकलेल्या रात्री तिची अर्ध्या नॉटची आघाडी काय कामाची?

उन्हाळ्याचे गणित याच्या अगदी उलटे आहे. रस्लर थंड, वाऱ्या-पावसाच्या समुद्रासाठी आखलेली. अरुंद, लाकडाने मढवलेली, खिडक्या लहान, झडपा मोजक्या. एप्रिलमध्ये मांडवीत नांगरून तिच्या आत रात्र काढायची म्हणजे आमच्या भट्टीशेजारी खाट टाकण्यासारखे होईल असे मी घरी बोलून गेलो, तर सौभाग्यवती म्हणाल्या, "मग तुम्हाला सवय आहेच की." सन ओडिसीत झडपा भरपूर, उजेड भरपूर, मागे दोन माणसांची केबिन, उभे राहून स्वयंपाक करता येईल असा कट्टा. घरच्या माणसांनी नौकेवर यावे असे वाटत असेल तर ही गोष्ट क्षुल्लक नाही. जिच्यावर घरचे कोणी दुसऱ्यांदा पाय ठेवत नाही अशी नौका लवकर विकली जाते.

इंजिनावर मागे जाताना लांब कीलची नौका सुकाणूचे ऐकत नाही हा तिचा प्रसिद्ध दोष आहे. मांडवीत आम्ही बोयाला बांधणार असल्याने त्याचा त्रास रोजचा नाही, तरी कॅसिनोच्या बोटींच्या गर्दीतून उलटे निघायची वेळ कोणावर येऊ नये. कागदपत्रे, आयातशुल्क आणि विमा हे दोघींना सारखेच छळणार आहेत, त्यामुळे तुलनेत ते धरलेले नाहीत.

एवढे सगळे मांडल्यावर दादा आणि मी एका गोष्टीवर एकमेकांना समजून घ्यायला लागलो. तो रस्लर मागतो ती त्याच्या मनातल्या एका रात्रीसाठी, जेव्हा किनारा दोनशे मैल दूर असेल आणि वारा चाळीस नॉटच्या वर जाईल. मी सन ओडिसी मागतो ती बाकीच्या सगळ्या शनिवार-रविवारांसाठी. दोघांचेही आकडे बरोबर आहेत. फरक एवढाच की त्याची रात्र येईल की नाही हे कोणालाच ठाऊक नाही आणि माझे शनिवार गोव्याला उतरणारा चोर्ला घाट चालू असला की हमखास येतात. सेशेल्सला जायचे झाले तर सन ओडिसीही 'अ' वर्गाची, म्हणजे वाऱ्याच्या जोराच्या बोफोर्ट मापावर आठच्या वरचा वारा आणि चार मीटरच्या वरच्या लाटा गृहीत धरून प्रमाणित केलेली नौका आहे, हे मी त्याला दाखवले. ते प्रमाणपत्र किमान पात्रतेचे असते, गुणवत्तायादी नव्हे, हे त्याने मला दाखवले. तेही खरे आहे.

म्हणून शेवटी निकाल आकड्यांवर न सोडता लोखंडावर सोडायचे ठरले. कास्टिंग तपासण्याची आमच्याकडची सर्वांत जुनी रीत म्हणजे ते टांगायचे आणि लहान हातोडीने ठोकायचे. निरोगी कास्टिंग खणखणीत वाजते, भेग असली की बद्द वाजते. कान तयार झाला की भेग कोणत्या अंगाला आहे तेही कळते. नौकेचा सर्व्हेअर फायबरच्या बुडावर हेच करतो. तो हातभर अंतरावरून नव्हे, बोटभर अंतराने ठोकत जातो आणि जिथे थर सुटलेले किंवा आत पाणी आहे तिथे आवाज पडतो. कीलच्या सांध्याभोवती, सुकाणूच्या दांड्याभोवती आणि डोलकाठीच्या तारा जिथे सांगाड्याला धरतात तिथे हे ठोकणे मी स्वतः ऐकणार आहे. तारांच्या टोकांना आणि त्यांच्या पट्ट्यांना आम्ही डाय-पेनेट्रंट लावणार आहोत. धातू स्वच्छ पुसून लाल रंग फवारायचा, तो भेगेत मुरू द्यायचा, वरचा पुसून टाकायचा आणि पांढरा डेव्हलपर मारायचा. डोळ्यांना न दिसणारी भेग दोन-चार मिनिटांत केसासारखी तांबडी रेघ होऊन वर येते. तीन डबे एका पिशवीत मावतात. ते विमानात नेऊ देत नाहीत, तिथेच विकत घ्यावे लागतील.

सन ओडिसीच्या मालकाला आम्ही एकच मोठी अट घातली: कील उतरवून दाखवायची. सगळे बोल्ट काढायचे, सांधा साफ करायचा, बुडाची आतली चौकट पाहायची आणि नव्या सीलंटवर कील परत बसवायची. बहुतेक मालक याला नाही म्हणतात आणि त्यांचे चुकते असेही नाही, कारण क्रेन, स्टँड आणि आठवडाभराची मजुरी कोणीतरी द्यावी लागते. या मालकाने होकार दिला, पण दोष सापडला नाही तर खर्च आमचा, अशी उलट अट घातली. मला ती रास्त वाटली. दादा थोडा कुरकुरला. त्याच्या मते एवढ्या पैशात रस्लरला नवे शीड येईल. मी म्हटले, "दादा, रस्लरची कील उतरवून दाखवता येत असती तर तिचाही खर्च मी दिला असता." त्यावर तो काही बोलला नाही, पण अर्धा वाटा त्याच्याच खात्यातून जाईल असे कळवले.

एक बोल्ट जरी मधोमध खाल्लेला निघाला, किंवा आतल्या चौकटीवर जुन्या दुरुस्तीचा ठिपका दिसला, तर आम्ही रस्लरकडे वळणार आहोत. तिच्या मालकाला तसे स्पष्ट सांगून ठेवले आहे आणि तो थांबायला तयार आहे. बोल्ट चांगले निघाले तरी ते परत घालायचे नाहीत, सगळे नवे घालायचे. ईशान्य वारा धरायचा तर नौका डिसेंबरअखेर पाण्यात पाहिजे, म्हणजे क्रेन नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मिळाली पाहिजे. दिवाळी त्याच सुमाराला येते. कारखाना तेव्हा तसाही बंद असतो.